हेअरवूडची बाग आणि १,२७७ माणसे

फोटो ग्रुपवर टाकायचा की नाही, यावरून आम्हा तिघांचे चांगलेच वाजले.

फोटोत वाईट काही नव्हते. मागे दगडी प्रासाद, पुढे कारंजे, ठेंगण्या हिरव्या झुडपांची कातून काढलेली नक्षी आणि मध्ये आम्ही तिघे हसत उभे. हा फोटो जाणार होता आमच्या वस्तीतील अभ्यासिकेच्या ग्रुपवर. तिथली पोरे-पोरी रात्री बारापर्यंत एका ट्यूबलाइटखाली स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात. आपली माणसे साहेबाच्या देशात, साहेबाच्या बागेत उभी आहेत, हे बघून त्यांना आनंद झाला असता. पण त्या बागेचा इतिहास न सांगता नुसता फोटो पाठवणे म्हणजे त्यांच्याशी अर्धे खोटे बोलणे होते. एवढ्या मुद्द्यावर आम्ही बागेच्या पायरीवर बसून तासभर भांडलो. ते भांडण चळवळीतील तरुण साथींसमोर ठेवावे, म्हणून हा लेख.

आमच्यातील एकजण शासनाच्या परदेश शिष्यवृत्तीवर इंग्लंडमधील लीड्स शहरात शिकतो. दुसरी नागपूरची, जवळच्याच एका शहरात सार्वजनिक आरोग्य शिकते. आणि तिसरे आम्ही, म्हणजे हे लिहिणारे, सामाजिक कार्यकर्त्यांच्या अभ्यासदौऱ्यासाठी तिकडे गेलेलो. लंडनमधील १० किंग हेन्रीज रोडवरचे बाबासाहेबांचे घर पाहून झाले होते. लीड्सचा मित्र म्हणाला, "इथे जवळच एका लॉर्डच्या बागेत स्तूप आहे, चला." लॉर्डच्या बागेत स्तूप? विश्वास बसेना. मे महिन्याचे ऊन पडले होते. लीड्सहून हॅरोगेटला जाणारी ३६ नंबरची बस पकडली आणि हेअरवूड नावाच्या गावात उतरलो. तिकीट आमच्या खिशाला जडच होते. पण आत गेलो.

आधी कबूल करतो की बाग पाहून आम्ही हरखून गेलो.

हेअरवूड हाउस बांधायला १७५९ मध्ये सुरुवात झाली आणि १७७१ मध्ये घरमालक राहायला आले. वास्तुविशारद यॉर्कचे जॉन कार, आतली सजावट रॉबर्ट ॲडम यांची, फर्निचर टॉमस चिपेंडेलचे. भोवतालचे तळे आणि हिरवे उतार लॅन्सलॉट 'कॅपेबिलिटी' ब्राउन यांनी घडवले. बघणाऱ्याला वाटते निसर्गच असा आहे. प्रत्यक्षात टेकडी, झाडे, पाणी, सगळे माणसांच्या हातांनी हलवलेले आहे. आम्ही ज्यावर उभे होतो ती इटालियन पद्धतीची गच्चीवजा बाग मात्र त्यानंतरची, १८४० च्या दशकातली. ती सर चार्ल्स बॅरी यांनी आखली. लंडनचे आजचे संसद भवन ज्यांनी उभारले तेच हे बॅरी.

इटालियन पद्धत म्हणजे काय, तर घराच्या पुढ्यात उंच दगडी गच्ची, कठडे, रुंद पायऱ्या, कारंजी, पुतळे, आणि झुडपे कापून जमिनीवर काढलेली समतोल रांगोळी. इंग्लंडच्या सरदारांची पोरे शिक्षण संपले की इटलीला जात. तिथले जुने प्रासाद आणि भग्न रोम पाहून परत येत. मग आपल्याही घरापुढे इटली हवी, असे त्यांना वाटे. हेअरवूडच्या गच्चीवर मधोमध ऑर्फियसचा पुतळा आहे, खांद्यावर बिबट्या घेतलेला. तो तसा नवा आहे, १९८५ सालचा, ॲस्ट्रिड झिडोवर या शिल्पकर्तीचा. कठड्याला टेकून खाली पाहिले की दूरवर तळे चकाकते आणि पलीकडे मेंढ्या चरताना दिसतात. यालाच पर्यटनाच्या भाषेत 'रोमँटिक गार्डन' म्हणतात. नवराबायकोचे, प्रेमिकांचे फोटो काढणे चालू होते. आम्हीही काढले.

समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला थॉर्स्टीन व्हेब्लेन शिकवला होता. १८९९ च्या पुस्तकात तो म्हणतो ते असे: श्रीमंताच्या हिरवळीवर गाय शोभते, पण गाय फार उपयोगी दिसते, काटकसरीची आठवण करून देते, म्हणून तिच्या जागी हरीण वगैरे ठेवतात, ज्याचा काही उपयोग नाही. थोडक्यात, ही जमीन पिकवायची आम्हाला गरज नाही, हे जगाला सांगणे हेच बागेचे काम. वर्गात हे वाचताना हसू आले होते. हेअरवूडच्या गच्चीवर ते आठवले तेव्हा हसू आले नाही. इथे पिकवायची गरज नव्हती, कारण पीक दुसरीकडे निघत होते. ते पीक होते उसाचे. आणि ते काढणारी माणसे विकत घेतलेली होती.

या घराची मूळ कमाई हेन्री लॅसेल्स या माणसाची. तो कॅरिबियन समुद्रातील बार्बाडोस बेटावर ब्रिजटाउन बंदराचा जकात अधिकारी होता. साखरेचा व्यापार, गुलामांच्या जहाजांत भांडवल आणि मळेवाल्यांना व्याजाने पैसे देणे, हा त्याचा धंदा. म्हणजे आपल्या भाषेत सरकारी अंमलदार, व्यापारी आणि सावकार एकाच अंगरख्यात. त्या पैशातून हेअरवूडची जमीन घेतली गेली. १७५३ मध्ये हेन्री मेला आणि त्याचा मुलगा एडविन याने हा प्रासाद बांधला. कर्ज न फेडता आलेल्या मळेवाल्यांचे मळे पुढे एडविनच्या ताब्यात आले. मळ्याबरोबर मळ्यावरची माणसेही आली. सावकाराच्या वहीत जमीन, बैल आणि माणूस एकाच रकान्यात.

ब्रिटिश संसदेने १८३३ मध्ये गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला. शाळेत आपण इथपर्यंतच शिकतो आणि इंग्रजांच्या उदारपणाला टाळ्या वाजवतो. पुढचे शिकवले जात नाही. त्या कायद्याने नुकसानभरपाई म्हणून २ कोटी पौंड मंजूर केले. त्या काळच्या सरकारच्या वार्षिक खर्चाच्या सुमारे ४० टक्के एवढी ही रक्कम. ती कुणाला मिळाली? मालकांना. 'मालमत्ता' गेली म्हणून. ज्यांच्या पाठीवर वळ होते त्यांना एक पेनीसुद्धा नाही. उलट 'उमेदवारी' या गोंडस नावाखाली त्यांना १८३८ पर्यंत त्याच मालकाकडे राबावे लागले. भरपाईसाठी सरकारने जे कर्ज काढले, ते पुरते फिटायला २०१५ साल उजाडले. इंग्लंडमध्ये राहून कर भरणाऱ्या कॅरिबियन माणसांनीसुद्धा, म्हणजे त्या गुलामांच्या नातवंडा-पतवंडांनीसुद्धा, आपल्या पूर्वजांच्या मालकांचे देणे फेडले.

हेअरवूडच्या दुसऱ्या अर्लला बार्बाडोस आणि जमैकातील मळ्यांवरच्या १,२७७ माणसांबद्दल २६ हजारांहून अधिक पौंड मिळाले. भागाकार करा. माणशी साधारण २० पौंड. त्यानंतर काही वर्षांतच बॅरींची ही इटालियन बाग झाली. भरपाईचा अमुक पौंड अमुक पायरीत गेला, असे आम्ही म्हणत नाही. पैशाला तसे नाव नसते. पण घर एक, तिजोरी एक. बार्बाडोसमधील शेवटचे मळे या घराण्याने विकले ते १९७५ मध्ये. म्हणजे तेव्हा आपल्याकडे दलित पँथर स्थापन होऊन तीन वर्षे झाली होती.

हे सारे आम्ही पायरीवर बसून एकमेकांना वाचून दाखवत होतो. आणि भांडण पेटले.

लीड्सचा मित्र म्हणाला, "फोटो डिलीट करा. हे रक्त आहे. यापुढे उभे राहून हसायचे नसते."

नागपूरची मैत्रीण चिडली. "का म्हणून? सुंदर काही दिसले की आपणच तोंड पाडायचे का? त्यांनी उपभोगायचे आणि आपण सुतक पाळायचे? बाबासाहेब सुटाबुटात राहिले. पुस्तकांसाठी राजगृह बांधले. फाटके राहण्यात काही तत्त्व आहे, असे त्यांनी कधी सांगितले नाही. बागेत बसणे हा आपलाही हक्क आहे."

मित्र थोडा वेळ गप्प राहिला. मग आजीचे बोलला. त्याची आजी गावच्या वाड्यामागच्या बागेत खुरपायला जायची. मोगऱ्याची आळी तीच करायची, तण तीच काढायची, शेणखत तीच टाकायची. पण कळी उमलली की तिने हात लावायचा नाही. कारण फूल देवाला जाणार. "आजीला मोगऱ्याचा वास आवडायचा नाही," तो म्हणाला. "आम्हाला वाटायचे, म्हातारीला वासाचा त्रास होतो. आता कळते."

यावर कोण काय बोलणार?

पण विचार केला तेव्हा लक्षात आले की दोघेही एकच मागत होते. आजीला फूल हवे होते आणि फूल कुणी उगवले हेही मान्य व्हायला हवे होते. सौंदर्य गुन्हेगार नसते. गुन्हेगार असते ते सौंदर्य, जे आपल्या मजुराचे नाव पुसते. ऑर्फियस राहू द्या, कारंजे उडू द्या. पण बाजूला १,२७७ हा आकडाही उभा राहू द्या.

आणि हेही प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे की हेअरवूडमध्ये तो आकडा अगदीच लपवलेला नाही. आजचे अर्ल डेव्हिड लॅसेल्स आपल्या घराण्याची कमाई गुलामगिरीतून आली, हे उघडपणे बोलतात. वेस्ट इंडिजच्या व्यवहाराचे जुने कागद यॉर्क विद्यापीठाच्या अभिलेखागारात अभ्यासकांसाठी ठेवले आहेत. २०२३ मध्ये गुलाममालकांच्या वंशजांनी 'एअर्स ऑफ स्लेव्हरी' हा गट काढला, त्याच्या संस्थापकांत ते आहेत. ब्रिटिश अभिनेते डेव्हिड हेअरवूड यांचे पूर्वज याच घराण्याच्या मळ्यावर गुलाम होते. त्यांचे आडनाव म्हणजे मालकाच्या घराचा शिक्का. पूर्वी जिथे फक्त सरदार आणि सरदारणींची चित्रे होती, त्या घरात आता या अभिनेत्याचेही छायाचित्र लागले आहे.

एवढ्याने देणे फिटले का? नाही. जमीनजुमला आजही त्याच घराण्याशी जोडलेला. कबुली म्हणजे परतफेड नव्हे. पण कबुलीशिवाय परतफेडीचा विषयच निघत नाही, हेही खरे.

मग आम्ही स्तूपाकडे निघालो. तळ्याच्या टोकाला, बांधाखाली, जिथे पाणी खडकांवरून उतरते, तिथे हिमालयीन बाग आहे. रोडोडेंड्रॉन फुलले होते. ही झाडेसुद्धा मूळ इथली नव्हेत. साम्राज्याच्या काळात हिमालयातून झाडांचे शोधकर्ते घेऊन आले, त्यांची ही वंशावळ. आणि झाडांमधून पांढरा स्तूप दिसला. २००४ मध्ये भूतानहून आलेल्या भिक्खूंनी तो इथे येऊन बांधला. डेव्हिड लॅसेल्स यांनी त्यावर पुस्तकही लिहिले आहे.

आम्ही तिघेही थबकलो. पायातले बूट काढावेत का? आमच्या वस्तीतील विहारात काढतो. इथे पर्यटक बुटांनीच फिरत होते. आम्ही काढले. ओल्या गवताने मोजे भिजले. त्रिशरण-पंचशील म्हटले, हळू आवाजात. तिकडच्या मातीवर पालीचे शब्द उच्चारताना अंगावर काटा आला, हे नाकारत नाही.

पण बुद्धासमोर उभे राहून प्रश्न विचारायचा नाही, असे आपल्याला बाबासाहेबांनी शिकवलेले नाही. लॉर्डच्या बागेतला स्तूप हे काय आहे? पापाचे प्रायश्चित्त? की इटलीचा पुतळा, हिमालयाचे फूल, तसाच आणखी एक पूर्वेचा दागिना? बांधणाऱ्याच्या मनात काय होते, हे आम्ही ठरवणार नाही. मात्र बौद्ध म्हणून एक गोष्ट आम्हाला स्पष्ट आहे. पूजेने कर्ज फिटत नाही. आपला धम्म पापक्षालनाचा विधी नाही. बाबासाहेबांनी १९५६ च्या १४ ऑक्टोबरला नागपुरात जो धम्म दिला, त्यात माणसाने माणसाशी कसे वागावे हे केंद्रस्थानी आहे. मुळात स्तूप ही स्मृतीची जागा. सांचीपासून आपल्या कार्ल्या-भाज्यापर्यंत तेच. म्हणून त्या पांढऱ्या स्तूपाभोवती प्रदक्षिणा घालताना आम्ही ठरवले की ही प्रदक्षिणा त्या १,२७७ जणांसाठी. आम्हाला त्यांतील एकाचेही नाव पाठ नव्हते. त्याची लाज वाटली.

परतताना बसमध्ये मात्र खरा प्रश्न समोर आला. आपण इंग्रजांच्या बागेत रक्त शोधले. आपल्याकडचे काय?

हे आपले पाहुणचाराचे नाते नाही, विचाराचे नाते आहे. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. ज्यांचे घराणे पेशव्यांना फुले पुरवत होते, म्हणून ज्यांचे 'गोऱ्हे' आडनाव जाऊन 'फुले' झाले, त्या जोतीरावांना बाग कुणाच्या घामावर फुलते हे पुस्तकातून कळावे लागले नाही. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलनाही त्यांनी केली. गुलाम ही मालकाची मालमत्ता असल्याने त्याला जगवण्यात मालकाचा निदान स्वार्थ तरी होता, अस्पृश्याला जगवण्याची जबाबदारी मात्र कुणावरच नव्हती, असा त्यांचा युक्तिवाद. हा युक्तिवाद दुःखाची शर्यत लावण्यासाठी नव्हता. आपले बंधन दिसत नाही म्हणून ते तोडणे अधिक अवघड जाते, हे सांगण्यासाठी होता.

आणि ते आजही दिसत नाही. बार्बाडोसच्या माणसाची निदान विक्रीची वही होती. आपल्याकडे वेठबिगारीची पावती कोण देणार? महारकी वतनात गावाची, सरकारची सगळी कामे रात्रंदिवस करायची आणि मोबदला म्हणून इनामाचा तुकडा आणि दारोदार मागायची भाकरी. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात या वतनाविरुद्ध विधेयक आणले. कायद्याने ही कनिष्ठ गावकी वतने संपायला १९५८ चा कायदा यावा लागला. दरम्यान किती वाडे बांधले गेले, किती तटबंद्यांचे दगड वाहिले गेले, किती बागांची आळी खुरपली गेली? पेशवे दप्तराच्या रुमालांत वेठीच्या नोंदी आहेत. पण आज त्याच वाड्यांचे, संस्थानिकांच्या राजवाड्यांचे 'हेरिटेज हॉटेल' होते. लग्नापूर्वीच्या फोटोंसाठी तासावर भाडे लावले जाते. पाटीवर बांधणाऱ्या सरदाराचे नाव, गवंडी-वेठ्याचे नाही. एकाही वाड्याच्या वारसाने पुढे येऊन 'आमच्या पायऱ्या वेठीने बांधल्या' असे म्हटल्याचे आमच्या तरी ऐकण्यात नाही. उलट विचारणाऱ्यालाच जातीयवादी म्हणतात.

कुणी म्हणेल, जुनी मढी का उकरता? उत्तर साधे आहे. हिशेब जुना नाही. वाडा आजही त्यांच्या नावावर आहे आणि आजीचा नातू आजही शिष्यवृत्तीच्या हप्त्यावर भाकरी मोजून खातो. आरक्षणाला 'खैरात' म्हणणाऱ्यांना हा हिशेब दाखवलाच पाहिजे. गुलामाला नव्हे, मालकाला भरपाई देणारे जग खैरातीची भाषा बोलते, तेव्हा आपल्या हातात वही हवी.

शेवटी आम्ही फोटो डिलीट केला नाही. ग्रुपवर टाकला. खाली लिहिले, "ही बाग १,२७७ माणसांच्या मालकाची. मालकाला भरपाई मिळाली, माणसांना नाही. आम्ही इथल्या स्तूपाला तुमच्या सर्वांच्या वतीने वंदन केले." अर्ध्या तासात अंगठे, जयभीम, निळी हृदये आली. आणि अकरावीतल्या एका मुलीने विचारले, "दादा, आपल्या गावच्या वाड्यामागे बाग आहे, तिथे कोण राबायचे?"

तिला आमच्याकडे उत्तर नव्हते. म्हणून साथींनो, कामाला लागू. या सुट्टीत प्रत्येकाने आपल्या गावची एक वही करावी. आजी-आजोबांना विचारा, कुणाच्या शेतात, कुणाच्या वाड्यात, कशाच्या बदल्यात राबलात. तारीख टाका, नाव लिहा, त्यांच्याच शब्दांत लिहा. तलाठ्याकडून जुने सातबारे आणि फेरफार काढा, वतनाच्या जमिनी कुणाकडे गेल्या ते पाहा. आपली म्हातारी माणसे एकेक करून निघून चालली आहेत. त्यांच्याबरोबर ही वही जाता कामा नये.

आमच्या अभ्यासिकेत पहिली वही उघडली आहे. पहिल्या पानावर मोगरा खुरपणाऱ्या त्या आजीचे नाव आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!